सात नंबरची भाडेकरू

भाडेकरू निवडताना नामदेव गोवारी जात विचारत नसत, गाव विचारत नसत. ते फक्त पोटापाण्याचे विचारत. उत्तर ऐकून चाळीतल्या बाकीच्या दारांवरून नजर फिरवत. तो धंदा चाळीत आधीच असला, तर खोली रिकामी असूनही ती रिकामी नसल्याचे सांगत आणि माणसाला चहा पाजून परत पाठवत.

कामोठ्याच्या जुन्या गावठाणात त्यांची ही चाळ आहे. एका ओळीत दहा खोल्या, पुढे लांबलचक ओटा, टोकाला पाण्याची टाकी, आणि मागे तिवरांच्या पलीकडे खाडी. ऐन विशीत असताना त्यांची भातशेती नवे शहर वसवायला सरकारकडे गेली. मोबदल्यातून पहिल्या काही खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्या साऱ्या त्यांनी एपीएमसी मार्केटातल्या माथाडी कामगारांना दिल्या. माणसे सज्जन, भाडे वेळेवर. मग एका वर्षी मार्केट लांबलचक संपावर गेले आणि प्रत्येक दारात नामदेवांना एकच उत्तर ऐकू आले. दोष कोणाचाच नव्हता. पण आधी शेत हे एकच पोट होते आणि ते गेले, पुन्हा मार्केट हे एकच पोट धरले आणि तेही आटले, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. तेव्हापासून चाळीत एक परिचारिका, एक रिक्षावाला, एक शिकवणी घेणारे मास्तर, एक केळीवाला, अशी सरमिसळ नांदू लागली. कोणी याबद्दल छेडले, तर नामदेव म्हणत, "एका पायावर बगला उभा र्‍हातो. आनि तो पन मासा गावंपर्यंतच."

भाडे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी स्वतः फिरून घेत. दार वाजवत, बाहेरच उभे राहत. मालक उंबऱ्याच्या आत गेला की भाडेकरूचा पाहुणा होतो, असे त्यांचे मत होते. परका भाडेकरू थकला तर ते महिनाभर कळ काढत. घरच्या माणसाला मात्र एका दिवसाची सवलत नव्हती. भावकीतला माणूस एकदा थकला की तो भाडेकरू राहत नाही, वाटेकरी होतो, हे त्यांनी गावातल्या पुष्कळ घरांत पाहिले होते. म्हणून सख्ख्या पुतण्याने, विपुलने, चार नंबरमध्ये मोबाइलच्या कव्हरांचे दुकान थाटले आणि पावसाळ्यात त्याचे भाडे चुकले, तेव्हा नामदेवांनी त्याच रविवारी दाराला कुलूप घातले. विपुलने पुढे हमरस्त्यावर गाळा घेतला, तो तिथे बरा चाललाही. पण काकांच्या कुलपाची गोष्ट तो हळदीत, बारशात, जिथे चार माणसे जमतील तिथे रंगवून सांगत असे.

अशा या चाळीत सात नंबरची भाडेकरू म्हणजे नामदेवांची स्वतःची लेक होती.

नमिता मुंबईच्या कॉलेजात चित्रकला शिकली. बेलापूरला एका जाहिरात कंपनीत काही वर्षे नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून आली. स्वतःची चित्रे काढायची, ती इंटरनेटवर विकायची, आणि त्यासाठी एक शांत खोली हवी, असे तिने जेवताना सांगितले. सात नंबर तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती.

"भाडं काय देशील?" नामदेवांनी विचारले.

नमिताची आई, सखूबाई, हातातली भाकरी तव्यावर टाकायची थांबल्या. "पोटच्या पोरीकडून भाडं घ्याल?"

"नाय घेतलं, तर लोक काय बोलतील? बापाच्या जिवावर चित्रं काढतंय."

सखूबाईंना ते पटले नाही. नमिताला मात्र लगेच पटले. तिने सगळ्यांइतकेच भाडे कबूल केले आणि अनामतही दिली. तेव्हापासून पहिल्या रविवारी नामदेव सहा नंबरनंतर सात नंबरचे दार वाजवत आणि लेकीसमोर बाहेर उभे राहत. ती आतून पाकीट आणून देई. दोघांच्याही चेहऱ्यावर त्या वेळी ओळख नसे. रात्री एका ताटाजवळ बसणाऱ्या बापलेकींचा हा उंबऱ्यावरचा परकेपणा पाहून परिचारिकाबाईंना हसू आवरत नसे. पण नामदेवांच्या लेखी लेकीला देण्याजोगा तो सर्वांत मोठा मान होता.

ती आत करते तरी काय, हे त्यांना एकदा संध्याकाळी ओट्यावर कळले. नमिता काचेची पाटी, म्हणजे तिचा चित्रे काढायचा टॅब, मांडीवर घेऊन हवा खात बसली होती. पाटीवर एक लाकडी घर होते, धुराडे होते, आणि सगळीकडे पांढरे पांढरे.

"यो काय हाय?"

"बर्फातलं घर. परदेशातल्या बायका घेतात. नाताळात छापून भिंतीला लावतात."

"तू बर्फ बगलास कदी?"

"फ्रिजात."

नामदेव हसले, आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "विकल्यावर तुज्याकडं काय र्‍हातं?"

"चित्र माझ्याकडेच राहतं, बाबा. त्यांना नुसती प्रत जाते. एकच चित्र पाहिजे तितक्या लोकांना विकता येतं."

नामदेवांनी यावर बराच वेळ विचार केला. वांगे विकले की गेले, दूध विकले की गेले, जमीन तर गेलीच गेली. विकूनही घरातच राहणारी वस्तू त्यांना आयुष्यात एकच भेटली होती.

"म्हंजे खोलीच की," ते म्हणाले. "द्यावाची, आनि परत आपलीच. मंग घेनाऱ्यांची दारं किती?"

"एकच साइट आहे. तिथं चांगलं चालतं. मग दुसरीकडे कशाला वेळ घालवायचा?"

नामदेवांनी बगळ्याची गोष्ट सांगितली. नमिताने ती लहानपणापासून ऐकली होती. "बाबा, ते मार्केट नाही, जग आहे," असे म्हणून तिने चित्रातल्या धुराड्याला धूर काढला.

दसऱ्याला तिने जमवलेल्या पैशातून नवी, मोठी पाटी घेतली. तिच्या धंद्याचा खरा हंगाम नाताळच्या आधीचा. त्याची तयारी म्हणून. त्यानंतरच्याच आठवड्यात एका सकाळी तिचे दुकान त्या साइटवरून नाहीसे झाले. खात्याची तपासणी चालू आहे, एवढाच निरोप होता. किती दिवस, कशासाठी, झालेल्या विक्रीचे पैसे कधी, याला उत्तर नव्हते. तिने पुन्हा पुन्हा लिहिले. दर वेळी तेच वाक्य परत आले. पलीकडे माणूस आहे की नाही हेच कळेना. भांडायला माणूस तरी हवा, आणि या दुकानाला तर मालकाचे तोंडच नव्हते.

पहिल्या रविवारच्या आधी ती ओट्यावर बापाजवळ येऊन बसली.

"बाबा, या खेपेला माझं दार वाजवू नका. द्यायला नाही."

नामदेवांनी वळून तिच्याकडे पाहिले.

"विपुलला जो नियम लावलात तोच लावा. नाहीतर तो जन्मभर बोलेल, आणि बरोबर बोलेल."

"मी काय बोललो काय?"

"तुम्ही बोलायच्या आत मी बोलले."

सखूबाई दारातून ऐकत होत्या. "माज्या कोंबड्यांच्या पैशातून देतंय मी. एका म्हैन्याचा परश्न हाय."

"आये, मग भाडेकरू तू. बस तिथं चित्रं काढत."

सखूबाईंना हसू आले आणि रागही आला, आणि दोन्ही लपवायला त्या आत गेल्या.

रविवारी नमिताने नवी पाटी गोधडीत गुंडाळून लहान मुलासारखी बाहेर आणली आणि किल्ली नामदेवांच्या हातावर ठेवली. अनामतीतून भाडे कापायचे नाही हा त्यांचा नियम; ती तिला परत देऊन त्यांनी कुलूप घातले, ते ओढून पाहिले. विपुल समोरच स्कूटर पुसत उभा होता.

"काका, खरंच घातलंत? मना वाटलेलं, खरं कुलूप फक्त माज्यापुरतं हाय."

नामदेवांनी किल्ली खिशात टाकली. विपुलने फडके स्कूटरवर टाकले. तो आला, नमिताचे टेबल उलटे करून डोक्यावर घेतले आणि गोवाऱ्यांच्या घरी पोहोचते केले. जाताना मात्र म्हणाला, "माज्या टायमाला टेबल कोन उचलायला नव्हता."

खोली रिकामी झाल्याची बातमी गावठाणात लपत नाही. दुसऱ्याच दिवशी रणजीत नावाचा तरुण आला. मूळचा साताऱ्याकडचा, टॉवरांमध्ये पार्सले पोहोचवणाऱ्या मुलांचा तो मुकादम होता. त्याला पार्सले उतरवून ठेवायला जागा हवी होती.

"दादा, दुप्पट भाडं देतो. आजच ठरवून टाकू."

माणूस सरळ होता. कुरियरचा धंदा चाळीत दुसऱ्या कोणाचा नव्हता. नामदेवांच्या साऱ्या कसोट्यांना तो उतरत होता, आणि नेमके तेच त्यांना नको होते. एकदा रणजीत आत आला, की नमिता पुन्हा कधी त्या खोलीत जाणार नव्हती. घरच्या दोन खोल्यांत, पाहुण्यांच्या आणि टीव्हीच्या गलबल्यात तिचे चित्र किती दिवस तगणार? हळूहळू ती बेलापूरला नोकरी शोधू लागली असती, आणि काही बोलली नसती. न बोलणारी होती, हीच पंचाईत होती. नामदेवांचा शब्द कुलपापुरता होता. कुलूप काढून खोली लगेच कोणाला द्यायची, असे त्यांनी कोणालाच कबूल केले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःच्या नियमाकडे पळवाट शोधणाऱ्याच्या नजरेने पाहिले.

"डागडुजी काढलीय," ते म्हणाले. "काम झालं का सांगतो."

त्या क्षणापर्यंत डागडुजी त्यांच्या मनातही नव्हती. पण बोललेले खोटे ठरू नये म्हणून ते दुपारीच नाक्यावर गेले आणि कुलदीप मिस्त्रीला घेऊन आले. कुलदीपने भिंतीवर हातोडीची मूठ आपटून पाहिली.

"चाचा, गिलावा एकदम मजबूत है. तोडने का काहे को?"

"तोड."

"दो दिन का काम है."

"दोन दिवसात केलेलं काम मना आवडत नाय."

कुलदीप उत्तरेकडून येऊन नवी मुंबईत पंधरा-वीस वर्षे मुरलेला. कामाची घाई करणारे मालक त्याने शेकड्याने पाहिले होते. सावकाश कर म्हणून पैसे देणारा हा पहिलाच. गिलावा उतरला. मग वाळू आली नाही. वाळू आली तेव्हा नामदेवांना ती खारट वाटली. रंगाचा पहिला हात पिस्ता रंगाचा झाला, तो त्यांना इस्पितळासारखा दिसला, पुन्हा खरवडला. रणजीत दर दोन-चार दिवसांनी डोकावे, आणि दर वेळी खोलीचे काही ना काही उघडे पडलेले असे.

मग एके दिवशी नामदेवांनी मागच्या भिंतीवर कोळशाने मोठा चौकोन आखला.

"खिडकी? उधर से तो खाली खाडी दिखेगी, चाचा."

"दिसू दे."

विपुल येता-जाता विचारी, "काका, राजवाडा कवा पुरा होनार?"

इकडे नमिता घरात स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी, एका अंगाला मसाल्यांचे डबे आणि दुसऱ्या अंगाला मिक्सर, अशी बसून काम करू लागली. ती रडली नाही. पण काही दिवस मिक्सर लागला की दचके. मग एका सकाळी तिने बर्फातली सगळी घरे बाहेर काढली आणि आणखी दोन साइटवर दुकाने उघडली. तिथे तिला कोणी ओळखत नव्हते, पहिल्यापासून सुरुवात होती. तुर्भ्याच्या एका कापडवाल्याला तिने लहान मुलांच्या चादरींसाठी नक्षी पाठवली: खेकडे, चिखलातल्या निवट्या मासळ्या, शिंपले. त्याने त्यांतल्या दोन घेतल्या. जितके कापड छापले जाईल तितका तिचा वाटा. टॉवरांतल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये रविवारी मुलांना पाटीवर चित्र शिकवण्याचा वर्ग सुरू झाला. हे तिन्ही पाय नवजात वासराचे होते; उभे राहत, लटपटत, बसत.

नामदेव आता तिचे काम रोज जवळून पाहत होते. सात नंबरच्या उंबऱ्याबाहेरून त्यांना फक्त पाकीट दिसले होते. इथे एक खेकडा आठ वेळा पुसला जातो हे दिसले. चौथा पाय आणायचे त्यांनी मनात घेतले, आणि भावकीतल्या सुमित्राबाईंच्या ओट्यावर ते बोलून बसले. सुमित्राबाईंच्या धाकट्याचे लग्न जाई नावाच्या मुलीशी तुळशीच्या लग्नानंतर ठरले होते. छापील पत्रिका पुढे यायची होती; त्याआधी मोबाइलवर पाठवायची पत्रिका नवऱ्या मुलाला हवी होती.

"आमची नमिता काढील," नामदेव म्हणाले. "पैसे देशील तर काढील. फुकट नाय."

"फुकट मागितलंय कोनी?" सुमित्राबाई म्हणाल्या, आणि ठरले.

नमिताने हळदीच्या संध्याकाळचे चित्र काढले. केळीचे खांब लावलेला मंडप, पिवळ्या अंगाचा नवरा, पाटावर बसलेली जाई, मागे तिवरे, खाडी आणि एका पायावर उभा बगळा. आज जिथे टॉवर उभे आहेत तिथे तिने भाताची खाचरे काढली. खाली वधूवरांची नावे, दिवस, ठिकाण, एवढेच. नामदेवांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. त्या खाचरांत त्यांना आपला बांध सापडला होता. बांधावरचा वाकडा आंबासुद्धा.

"आज्यानं लावलेला," ते म्हणाले. मग भानावर येऊन, "पाठव."

आमच्या बाजूची छापील पत्रिका ज्याने पाहिली आहे, त्याला पुढे काय झाले हे सांगायला नको. त्या पत्रिकेत वधूवर शोधावे लागतात. कुलदैवत आणि गावदेवी यांच्यापाठोपाठ निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, चुलते, आत्या, मावश्या, क्रिकेटचा संघ, अशी नावांची भरती चढत जाते, आणि तिच्या माथ्यावर मामा असतो. नाव कुठे आले यावरून वर्षभर बोलणे होते. नाव आलेच नाही, तर बोलणे बंद होते. हे नामदेवांइतके गावात कोणाला ठाऊक नव्हते. तरी स्वतःचा बांध पाहण्याच्या नादात तेच ते विसरले. पत्रिका सकाळी गावभर गेली, आणि दुपारी सुमित्राबाई दारात उभ्या राहिल्या.

"नामदेव, माज्या भावाला मी वालीत टाकला काय?"

त्यांचा भाऊ कान्हा उरणजवळच्या मोरा बंदरातला. तिथून मुंबईला जाणाऱ्या लाँचवर तो चाक धरणारा सारंग होता. पत्रिकेत आपले नाव नाही हे त्याने धक्क्यावर सगळ्यांदेखत पाहिले होते. त्याने बहिणीला फोन करून एवढेच सांगितले की, माझ्याऐवजी बगळ्यालाच मामा म्हणून बसवा, तो बरा पत्रिकेत आलाय. आणि मामाच्या हाताशिवाय नवऱ्याला बाशिंग बांधायचे नाही, हा सुमित्राबाईंच्या घरचा रिवाज.

"चूक पोरीची नाय," नामदेव म्हणाले. "मीच पाठव बोललो. मी बगितली, आनि मनाच दिसली नाय."

नमिताने पाटी पुढे ओढली. ही बातमी आता गावोगाव जाणार होती. नमिताने पत्रिका काढली आणि घरात भांडण लागले, असे एकदा पसरले की चौथा पाय जन्माआधीच मोडला. आणि बाकीचे तीन अजून खोलीचे भाडे पेलण्याइतके धड नव्हते. तिने चित्राखाली सगळी नावे टाकून पाहिली. नावे चढत चढत मंडपावर गेली, जाईवर गेली, भाताची खाचरे बुडाली. तिने नावे पुसली. मग मान वर न करता विचारले, "काकी, कान्हामामा कसे दिसतात?"

"कसा म्हंजे? मानसासारखा."

"उभे कसे राहतात?"

सुमित्राबाईंना राग विसरून विचार करावा लागला. "लाँचवर उभा असतो. एक हात चाकावर, एक हातात चहा. डोक्याला लाल रुमाल. कोनाशी बोलत नाय."

नमिताची लेखणी चालू लागली. खाडीत एक लाँच आली, तिच्यावर माणूस आला, हातात पेला आला. सुमित्राबाई वाकून पाहू लागल्या.

"पोट एवढं नाय त्याचं."

"कमी करते."

सुमित्राबाईंनी पुन्हा पाहिले. "र्‍हाऊ दे. हाय एवढं."

तेव्हा नामदेव खाली बसले. लेकीच्या कामाच्या जागी ते आजवर असे बसले नव्हते. मसाल्यांचे डबे सरकवून त्यांनी मांडी घातली आणि एकेक माणूस मंडपात आणून उभा करू लागले. थोरल्या आत्याला पुढे, मंडपाच्या आत. चुलत्यांना खांबाजवळ, कारण खांब त्यांनी रोवायचे. दोन जावांना शेजारी नको. मध्ये केळीचे झाड घाल. आजोबा वारले, त्यांना कसे दाखवायचे असे नमिताने विचारले, तर नामदेव म्हणाले, "त्यांची खुर्ची ठेव. सगल्यांना कलंल." विपुल कुठे हवा, यावर मात्र ते थोडे थबकले.

"टेबल डोक्यावर घेतलेला काढ," ते म्हणाले. "मंडपात टेबलं लागतात."

सखूबाईंनी त्या दिवशी मिक्सर लावला नाही. वाटण पाट्यावर वाटले.

नवी पत्रिका गेली आणि लोक ती वाचण्याऐवजी शोधू लागले. फोनवर दोन बोटे ताणून चित्र मोठे करायचे आणि स्वतःला हुडकायचे, हा गावठाणाला छंदच लागला. ज्यांचे नाव एरवी शेवटच्या ओळीत यायचे त्यांना कळले की आपण मंडपाच्या दाराशी फुगडी घालतो आहोत, आणि ओळ कुठली हे कोणी विचारले नाही. विपुलने आपले चित्र तेवढेच कापून स्वतःच्या दुकानाच्या फलकावर लावले. संध्याकाळी मोऱ्याहून फोन आला.

"लाँचचा रंग जुना काढलाय," कान्हा म्हणाला. "औंदा निला मारलाय."

"बदलते, मामा."

"बदल. मंग येतो."

तो आला, बाशिंग बांधले, आणि मंडपात उरणच्या तीन घरांना सांगून गेला की पत्रिका काढायची तर कामोठ्याच्या त्या पोरीकडून. लग्नसराई नुकती सुरू झाली होती. नमिताला माणसांचे फोटो येऊ लागले, सोबत त्यांचे मान आणि त्यांची भांडणेही येऊ लागली. ज्याच्या घरचे काम असेल त्याच्या घरातल्या एका वडीलधाऱ्याला ती समोर बसवून घेई; त्याच्याशिवाय चित्राला हात लावत नसे. दरम्यान तुर्भ्याच्या कापडवाल्याने खेकड्यांची नक्षी पुन्हा छापली. आणि तपासणीत अडकलेले तिचे पहिले दुकान एका सकाळी कसलाही खुलासा न करता परत उघडले. तिने ते पाहिले, अडकलेले पैसे बँकेत वळते केले, आणि वर्गाची वेळ झाली म्हणून निघून गेली. आता ते तिच्या अनेक दारांपैकी एक होते.

त्यानंतर आलेल्या पहिल्या रविवारी नामदेव सात नंबरसमोर उभे होते. आत रंगाचा शेवटचा हात वाळत होता आणि काढण्यासारखे कोणतेही काम शिल्लक नव्हते. कुलदीप हत्यारे बांधत होता. रणजीत मोजपट्टी घेऊन आला होता. या खेपेला तो उत्तर घेतल्याशिवाय जाणार नव्हता. विपुल स्कूटरवर बसून पाहत होता. ओट्यावरून नमिता पाकीट घेऊन येताना दिसली.

रणजीत आत गेला आणि तिथेच थांबला. मागच्या भिंतीचा निम्म्याहून अधिक भाग खिडकीने खाल्ला होता. तिच्यातून तिवरे, खाडी आणि पलीकडचे आकाश थेट खोलीत येत होते.

"दादा, हे काय केलंत?"

"खिरकी."

"मला भिंत पाहिजे होती. रॅक कुठं लावू? आणि पाऊस आला तर सगळी पार्सलं भिजतील."

"भिजतील," नामदेवांनी खेदाने कबूल केले.

रणजीतने मोजपट्टी गुंडाळली. तो मनाचा चांगला होता. जाताना त्याने खिडकीतून खाडीचा एक फोटो काढला. विपुलने आधी खिडकीकडे पाहिले, मग काकांकडे.

"काका," तो म्हणाला, "माज्या टायमाला ही अक्कल कंय गेलेली?"

"तवा मी तरना होतो," नामदेव म्हणाले. आणि मग, थोड्या हळू आवाजात, "तुजं चुकलंच माज्याकडून."

विपुलला याची सवय नव्हती. त्याने स्कूटर उगाच चालू केली आणि बंद केली.

नमिता खोली पाहत होती. भिंतींवरून हात फिरवून तिने रंग पाहिला. खिडकीपाशी ती थोडा वेळ उभी राहिली. पाठमोरी होती, त्यामुळे चेहरा कोणाला दिसला नाही. वळली तेव्हा ती पूर्ण भाडेकरू होती.

"अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं आणलंय."

"भाडं वाढलंय," नामदेव म्हणाले. "नवीन गिलावा, नवीन रंग. खिरकी."

"खिडकी मी मागितली नव्हती."

"हाय ना पन."

"म्हणून तर गोदामवाला गेला. आता ही खोली गोदामाला चालत नाही, बिऱ्हाडाला लहान पडते. चित्र काढणाऱ्याशिवाय घेणार कोण? आणि उन्हाळ्यात एवढ्या खिडकीतून ऊन येणार, त्याला पडदा तुम्ही लावून द्यायचा."

"पडदा मालक देत नाय."

"मग भाडं जुनंच."

कुलदीप हत्यारे बांधायची सोडून ऐकत होता. नामदेवांनी चाळीच्या आयुष्यात पुष्कळ भाडेकरूंशी घासाघीस केली होती आणि बहुतेक वेळा जिंकली होती. त्यांनी खिडकीकडे पाहिले, पाकिटाकडे पाहिले, आणि किल्ली पुढे केली.

दुपारी जेवायला बसल्यावर सखूबाईंनी आमटी वाढत विचारले, "भाडं वाढवलं म्हनं सात नंबरचं?"

"वाढवलं ना."

"कवरं?"

नामदेवांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"पुढच्या वरसापासून," ते म्हणाले.